ठाणे-नवी मुंबईत परदेशी वाणांचे अंजीर: काडी रुजवण्यापासून चव घेण्यापर्यंत

अमेरिकेतल्या नाहीतर इटलीतल्या एखाद्या बागवानाचा व्हिडिओ बघायचा, तसंच्या तसं करायचं, काडी कुजली की "आपल्या हवेत हे होत नाही" म्हणून कुंडी रिकामी करायची. ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर, सगळीकडे हेच चाललंय. अंजीर आपल्या हवेत होतं. चुकतं ते वेळापत्रक.

त्या व्हिडिओंतल्या झाडाचा वैरी बर्फ असतो. न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडे स्थायिक झालेली इटालियन कुटुंबं गावाकडून आणलेली अंजिराची झाडं हिवाळ्यात गुंडाळून ठेवतात, काही जण तर वाकवून मातीत पुरतात. आपल्याकडे तो वैरी म्हणजे जून ते सप्टेंबरचा पाऊस. त्यामुळे सगळी कामं पावसाभोवती फिरवायची: काडी पाऊस संपल्यावर रुजवायची, पावसाळ्यात झाड फक्त तगवायचं, छाटणी परतीचा पाऊस गेल्यावर करायची, म्हणजे फळ उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत पिकतं. पुरंदरचे शेतकरी याच हंगामाला मीठा बहार म्हणतात. पावसाळ्यात धरायचा खट्टा बहार मुंबईच्या या पट्ट्यात धरू नका. फळ फुटतं, आंबतं आणि झाडही थकतं.

पुढचे टप्पे याच क्रमाने करा.

१. जात निवडणं

परागणाची भानगड आधी समजून घ्या. अंजिराच्या काही जातींना फळ धरायला परागण लागत नाही, काहींना लागतं. ते परागण एक अगदी बारीक गांधीलमाशी करते आणि ती आपल्याकडे नाही. तुर्कस्तानातली सारिलोप ही प्रसिद्ध जात १८८०च्या दशकात कॅलिफोर्नियात लावली गेली, झाडं जोमाने वाढली, पण १८९९ मध्ये ती माशी तिथे स्थिरावेपर्यंत फळं गळतच राहिली. हीच जात आज 'कॅलिमिर्ना' नावाने विकली जाते. इथे लावलीत तर तुमचंही तेच होईल. म्हणून अशा, परागणाशिवाय फळ न धरणाऱ्या 'स्मिर्ना' प्रकारातली कुठलीही जात घेऊ नका. 'सान पेद्रो' प्रकारातल्या 'डेझर्ट किंग'सारख्या जाती परागणाशिवाय फक्त जुन्या फांदीवरचा पहिला बार देतात. आपण दरवर्षी छाटणी करणार, म्हणजे तोही हातचा जाणार.

उरतात त्या परागणाशिवाय फळ धरणाऱ्या 'कॉमन' प्रकारातल्या जाती, आणि त्या भरपूर आहेत. त्यातही दमट हवेसाठी माझी पहिली पसंती सेलेस्टला. फळ लहान, पण बुडाचं छिद्र घट्ट मिटलेलं, त्यामुळे पाणी आणि किडे आत शिरत नाहीत. अमेरिकेतल्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाने (एलएसयू) मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरल्या दमट हवेसाठी तयार केलेली 'एलएसयू पर्पल'ही चांगली. कुंडीसाठी व्हायोलेट द बोर्दो उत्तम, झाड आटोपशीर राहतं. रोंद द बोर्दो लवकर पिकते, म्हणजे वळवाच्या आधी हाती येते. सिसिलीतल्या एटना पर्वताकडून आलेल्या कुळातली 'हार्डी शिकागो' चिवट आहे.

पोर्तुगालच्या मदेरा बेटाची ब्लॅक मदेरा, स्पेनमधल्या कातालोनियाची कोल दे दामा आणि पट्टेदार पनाशे या तिन्हींच्या चवीचं कौतुक जगभर होतं, पण तिन्ही उशिरा पिकणाऱ्या. पहिल्याच वर्षी त्यांच्या मागे लागू नका. आधी एखादी सोपी जात दोन हंगाम सांभाळून बघा.

*सावधान:* स्थलांतरितांनी नेलेल्या अंजिरांना गावाचं, आजोबांचं, शेजाऱ्याचं अशी कितीतरी नावं पडली आहेत. एटना कुळातली बरीच नावं प्रत्यक्षात एकाच किंवा जवळजवळ एकसारख्या झाडाची आहेत. कॅलिफोर्नियातली कडोटा म्हणजे इटलीची डोट्टाटो. वेगवेगळ्या नावांना पैसे मोजून एकच जात तीनदा घरी आणणारे लोक बरेच आहेत.

२. काडी किंवा रोप मिळवणं

हा मुद्दा थोडक्यात, पण ठामपणे. परदेशातून येणाऱ्या मुलाला "येताना बॅगेत दोन काड्या टाक" असं सांगू नका. पोस्टाने मागवू नका. वनस्पती संगरोध आदेश, २००३ प्रमाणे लागवडीच्या काड्या देशात आणायला आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. हे फक्त कागदोपत्री नाही. जुन्या अंजिरांच्या काड्यांतून मोझॅकचा विषाणू येतो, त्यावर औषध नाही, आणि तुमच्या गच्चीवरून तो पुढे कुणाच्या बागेत जाईल सांगता येत नाही.

बऱ्याच जाती आता देशातल्या नर्सऱ्यांकडे आणि छंदी बागवानांकडे आहेत. घेताना मूळ झाडाचा आणि त्याच्या कापलेल्या फळाचा फोटो मागा. नुसत्या पानाच्या फोटोवर विश्वास ठेवू नका, एकाच झाडावर तीन आकारांची पानं असतात. बियांपासून केलेलं रोप कितीही स्वस्त असलं तरी नको. ते आईसारखं निघत नाही.

*तपासा:* पानावर पिवळट, अनियमित कडांचे डाग, वेडीवाकडी पानं दिसली तर ते झाड आणि त्याची काडी दोन्ही सोडा.

३. काडी रुजवणं

सगळ्यात जास्त काड्या याच टप्प्यात जातात, म्हणून इथे घाई करू नका.

वेळ: नोव्हेंबर ते जानेवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य. जून-जुलैत "पाऊस आहे, काहीही रुजतं" या समजुतीने लावलेली अंजिराची काडी आठ-दहा दिवसांत खालून काळी पडते. जास्वंदीचा न्याय अंजिराला लावू नका.

काडी: पेन्सिलीएवढी जाड, १५ ते २० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळे असलेली, पक्व. हिरवी लुसलुशीत फांदी नको. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्या. काप घेतल्यावर पांढरा चीक येतो, तो पाण्याने धुऊन काडी अर्धा तास सावलीत ठेवा. मग तळाच्या दोन-तीन सेंटिमीटर भागाला मुळं फुटायची पावडर लावा.

माध्यम: निम्मं धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं पर्लाइट (हलके पांढरे खडे). माती नको, शेणखत नको, गांडूळखतही नको. खतात काडी कुजते. ओलावा किती? कोकोपीट मुठीत घट्ट दाबा. बोटांमधून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त झालं, पसरून वाळू द्या.

भांडं: पारदर्शक प्लास्टिकचा उंच ग्लास, तळाला पाच-सहा भोकं. पारदर्शक अशासाठी की मुळं बघता आली पाहिजेत. काडी अशी खोचा की एकच डोळा वर राहील. ग्लास सावलीत, उजेडाच्या जागी ठेवा. खिडकीतलं थेट ऊन नको. वर सैल प्लास्टिक पिशवी घाला आणि दिवसातून एकदा काढून हवा द्या.

आता सगळ्यात मोठी फसगत. दोनेक आठवड्यांत वरच्या डोळ्यातून छान हिरवी पानं येतात, आपण खूश होऊन काडी कुंडीत लावतो, पाणी घालतो, उन्हात ठेवतो, आणि चार दिवसांत ती मान टाकते. ती पानं काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेली असतात. मुळांचा तेव्हा पत्ताही नसतो. ग्लासच्या भिंतीला नाक लावून बघा: आधी काडीच्या सालीवर पांढरे बारीक फोड दिसतात, मग त्यातून दुधी पांढरी, ठिसूळ मुळं सरळ बाहेर येतात आणि काचेसारख्या त्या प्लास्टिकला टेकून खाली वळतात. पुढे त्यांना उपमुळं फुटतात आणि रंग फिकट तपकिरी होत जातो. तो तपकिरी रंग आणि उपमुळं दिसेपर्यंत काडी हलवायची नाही. साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

पाणी वरून ओतू नका. ग्लास उचलून बघा. हलका लागला तरच चमच्याने कडेने थोडं द्या. बारीक काळी चिलटं घोंघावायला लागली तर पाणी जास्त झालं म्हणून समजा.

*तपासा:* काडीचा तळ मऊ आणि काळा झालाय का? झाला असेल तर निरोगी हिरव्या भागापर्यंत कापा, नवं माध्यम घ्या, पुन्हा लावा. दोन डोळे शिल्लक असले तरी काडी वाचू शकते.

*सावधान:* अंजिराचा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडलं तर फोड येतात, डाग महिनाभर राहतात. काप घेताना हातमोजे, लांब बाह्या, आणि लहान मुलं लांब.

४. पिशवी, कुंडी, माती

ग्लासातून थेट मोठ्या कुंडीत नको. मुळं थोडी आणि माती खूप असली की माती ओलीच राहते आणि मुळं गुदमरतात. क्रम असा: ग्लास, मग आठ इंची पिशवी, ती मुळांनी भरली की बारा इंची, आणि दुसऱ्या वर्षी सोळा ते अठरा इंची कुंडी. तिथेच थांबा.

घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत मिळणारी लाल माती नुसती वापरू नका. दोन पावसांत ती विटेसारखी घट्ट होते. दोन भाग लाल माती, दोन भाग चाळलेलं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, एक भाग विटेचा जाड चुरा किंवा पर्लाइट. त्यात मूठभर निंबोळी पेंड. अंजिराच्या मुळांना सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक कृमी) फार लागतात, पेंडीने त्यांना आळा बसतो. जुन्या कुंडीतली माती पुन्हा वापरत असाल तर ती उन्हात पसरून चांगली तापवा.

ऊन निदान सहा तास हवं. उंच इमारतींमध्ये गॅलरीत दिसणारा 'उजेड' म्हणजे ऊन नव्हे. सकाळी आठपासून तासातासाने फोटो काढा आणि मोजा. उत्तरेकडच्या गॅलरीत झाड जगेल, पण फळ गोड होणार नाही. सोसायटीच्या गच्चीवर ठेवणार असाल तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्या. अठरा इंची कुंडी ओली झाली की साठ-सत्तर किलोंच्या घरात जाते. ती विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवा, तुळईच्या वर किंवा कठड्यालगत ठेवा, वॉटरप्रूफिंगवर थेट टेकवू नका. खालच्या घरात गळती झाली तर पहिला संशय झाडांवरच येतो.

काळ्या कुंडीच्या कडा एप्रिल-मेमध्ये इतक्या तापतात की कडेची मुळं भाजून निघतात. बाहेरून गोणपाट गुंडाळा.

५. पहिला पावसाळा: फक्त तगवा

मे संपायच्या आत कुंडी पारदर्शक पत्र्याखाली किंवा वळचणीला हलवा. उजेड हवा, पावसाची झोड नको. जागाच नसेल तर कुंडी दोन विटांवर उचला, निचऱ्याची भोकं सळईने मोकळी करा आणि मातीवर प्लास्टिकचा उतरता कागद बांधा, खोडाभोवती हवा खेळेल इतकी फट ठेवून.

जूनपासून नत्राचं खत बंद. नव्या कोवळ्या पानांवरच तांबेरा आधी बसतो.

तांबेरा ओळखायचा असा: पान उलटं करा, मागे नारिंगी-तपकिरी भुकटीचे बारीक ठिपके, बोट फिरवलं की रंग बोटाला लागतो. अशी पानं तोडून पिशवीत भरून कचऱ्यात द्या, कंपोस्टात नको. पावसाआधी एकदा आणि नंतर उघडीप मिळेल तेव्हा १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. १ लिटर पाण्याला मोरचूद १० ग्रॅम आणि कळीचा चुना १० ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवा आणि मग एकत्र करा. लोखंडी भांडं चालत नाही.

*तपासा:* तयार मिश्रणात स्वच्छ ब्लेड मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी थोडी वाढवा, नाहीतर पानं जळतील. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

ऑगस्टपर्यंत झाडावर चारच पानं राहिली तरी घाबरू नका. खोड टणक आणि साल खरवडल्यावर आत हिरवी असेल तर झाड ठीक आहे. खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा दिसला तर मात्र लगेच हालचाल करा, आत खोडकिडीची अळी आहे. तार घालून ती मारा आणि भोक मातीने लिंपा.

६. छाटणी

दसरा ते दिवाळीच्या दरम्यान. नेमकी तारीख कॅलेंडरवर शोधू नका, परतीचा पाऊस गेला आणि सलग आठवडाभर कोरडं गेलं की छाटा. आधी छाटलं आणि पाऊस आला की नव्या फुटीवर तांबेरा ठरलेला.

छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करा. उरलेली पानं हाताने काढा. इथे थंडी कमी, झाड स्वतःहून पानं पूर्ण टाकत नाही, आणि जुनी पानं राहिली तर फूट एकसारखी येत नाही. मग चालू वर्षाच्या फांद्या तीन-चार डोळ्यांवर कापा. आत वळलेल्या, बारीक फांद्या बुडातून काढा. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बोर्डो मिश्रणाचाच घट्ट लेप, लावा. सेलेस्ट मात्र हलकीच छाटा, जास्त छाटली की फळ कमी धरते.

छाटणीनंतर वरची दोन इंच माती काढून कंपोस्ट आणि निंबोळी पेंड भरा, भरपूर पाणी द्या. फूट आली की जोमदार चार ते सहा फांद्या ठेवा, बाकीच्या खुडा. इथेच लोक माया करतात. मोठ्या कुंडीत दहा फांद्या ठेवल्या की दहाही फांद्यांची फळं पाणचट होतात.

*तपासा:* काडी पहिल्या हिवाळ्यात रुजवलेली असेल तर त्या वर्षी आलेली फळं लहान असतानाच काढून टाका. झाड उभं राहू द्या.

७. फळ वाढताना

नव्या फुटीच्या पानाच्या बगलेत हरभऱ्याएवढं फळ दिसतं. फांदीला सहा-सात पानं झाली की शेंडा खुडा. फळ आधी भरभर वाढतं, मग महिना-दीड महिना जागच्या जागी थांबतं. या थांबण्याला घाबरून लोक खत ओततात आणि फळ गळतं. काही करायचं नसतं. शेवटच्या आठवड्यात ते एकदम फुगतं, रंग बदलतं आणि साखर तेव्हाच भरते.

या सगळ्या काळात पाणी एकसारखं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर असं केलं की पिकतं फळ फुटतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी. दुपारी दोनला पानं लोंबली तर लगेच धावू नका, संध्याकाळी ती सावरतात का बघा.

फळ फुगायला लागलं की जाळीची पिशवी बांधा. बुलबुल, कोकीळ, खार आणि रात्री वटवाघळं, कुणीही तुमच्या आधी हजर असतं. प्लास्टिक पिशवी नको, आत घाम धरून फळ सडतं. मुंग्यांसाठी कुंडीचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवा आणि ते पाणी दर दोन दिवसांनी बदला, डास होतात.

८. तोडणी

अंजीर तोडल्यावर गोड होत नाही, फक्त मऊ पडतं. कच्चं तोडून "जात बेचव निघाली" म्हणणं हा या छंदातला सगळ्यात मोठा अन्याय आहे.

पिकलेल्या फळाची मान देठाशी वाकते आणि फळ ताठ न राहता खाली लोंबतं. सालीवर बारीक पांढरट तडे जातात. दाबलं तर ते कानाच्या पाळीइतकं मऊ लागतं. काही जातींत बुडाच्या छिद्राशी मधासारखा थेंब येतो. अलगद उचललं की देठासकट हातात येतं आणि देठातून पांढरा चीक येत नाही. चीक आला तर दोन दिवस लवकर तोडलंत. चिकातलं विकर (एन्झाइम) जिभेवर चुरचुरतं, आणि लोक त्यालाच अंजिराची 'अ‍ॅलर्जी' समजतात.

सकाळी तोडा, त्याच दिवशी खा. वास आंबूस, दारूसारखा आला तर टाकून द्या.

९. चव घेणं

दोन जातींची तुलना करायची असेल तर ती न्यायाने करा. झाडाचं पहिलं फळ निकालासाठी धरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात चव स्थिरावते. ढगाळ आठवडा किंवा अवकाळी पाऊस होऊन गेला असेल तर चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या.

फळं एकाच दिवशी तोडलेली, एकसारखी पिकलेली, फ्रिजमधली नकोत. थंड फळाचा वास मरतो. उभी चिरा. सोबत बाजारातलं चांगलं पिकलेलं पुणेरी अंजीर ठेवा, जीभ ओळखीच्या चवीवरून मोजायला सोपं जातं. फिकट गराच्या, मधासारख्या जाती आधी, लाल गराच्या आंबटगोड जाती शेवटी. मध्ये कोमट पाण्याचा घोट, चहा नको. बशीखाली नंबर लिहा आणि नाव झाकून ठेवा, कारण 'ब्लॅक मदेरा' हे नाव ऐकलं की जीभ आधीच कौतुक करायला लागते.

आधी नुसता गर चमच्याने खा, मग सालीसकट. साल जाड की पातळ, तिला तुरटपणा आहे का, बिया कुरकुरतात का, गर चिकट की पाणीदार, गोडवा लगेच लागतो की मागाहून, हे सगळं वेगवेगळं लिहा. शब्द आपले वापरा. "बेरीसारखं" लिहून पुढच्या वर्षी काहीच आठवत नाही. करवंदाचा आंबटपणा, जांभळाची तुरट झाक, काकवी, नव्या गुळाचा वास, ओला खजूर असं लिहिलं की सहा महिन्यांनी वाचूनही चव समोर येते. शेजारी तोडणीची तारीख, त्या आठवड्यातली हवा आणि पाणी किती दिलं तेही नोंदवा.

नावाची पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची करा आणि टोकदार खिळ्याने कोरा. मार्करची शाई एका पावसाळ्यात उडते. दुसरी पट्टी कुंडीच्या मातीत तळाशी पुरा. ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या काड्या कुणाला द्याल तेव्हा जातीचं नाव, तुम्हाला ती कुठून मिळाली, आणि चवीच्या नोंदीची झेरॉक्स सोबत द्या. घेणाऱ्याकडून तुमच्याकडे नसलेली जात मागायलाही तीच वेळ योग्य, त्याचीही छाटणी तेव्हाच चालू असते.